वीस शब्दांचा पिंजरा

सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तार ऑफिसच्या तीन नंबरच्या खिडकीत, राखाडी कोटातल्या एका माणसानं मला माझ्या पिंजऱ्याविषयी विचारलं. म्हणजे आधी त्यानं रीतसर फॉर्म सरकवला. मावशी बरी, पत्ता लवकरच कळवतो. मी पेन्सिलीच्या टोकानं एकेक शब्द टिपला, पाच भरले. गेली एकोणीस वर्षं रोसारिओ शहराची बारशी, मयती, भांडणं आणि माफ्या याच टोकाखालून गेल्या आहेत, त्यामुळे मी माणसांकडे बघत नाही, मजकुराकडे बघतो. पावती फाडून वर पाहिलं तर माणूस हसत होता. "तोनेलीसाहेब ना आपण? एवारिस्तो तोनेली? कालच्या पुरवणीतली ती तळहाताएवढी गोष्ट आपलीच?" लाज वाटते, पण जमाखर्चात खोट नको म्हणून लिहून ठेवतो: आधी मला आनंद झाला. दोन सेकंद, फार तर तीन. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्याकडे आलेला पहिला वाचक, आणि तोही फॉर्म व्यवस्थित भरणारा. "छोटीशीच आहे हो," मी म्हणालो, आणि नव्या नवरीसारखी मान खाली घातली. "छोटी, पण काय नेमकी! माझी बायको म्हणते, ही डोक्यातून आलेली नाही, डोळ्यांतून आलीय. तिला पुदिना फार आवडतो. तिलाही तसाच पिंजरा हवाय." त्याचा डावा हात खिडकीच्या दगडावर होता. बोटं स्वच्छ, नखं कापलेली, अंगठी नाही, अंगठीचा पांढरा वळही नाही. "तो पिंजरा कुठं पाहिलात?" चार शब्द. त्यातला एकही कापता आला नसता. मी म्हणालो, "कल्पना आहे." तो म्हणाला, "हो का? सायकलच्या तारा, वर दुमजली. फारच बारीक कल्पना." मग टोपी उचलून, "आठवून ठेवा. मी इकडे येत असतो." त्याच्या मागच्या बाईचा फॉर्म माझ्यासमोर आला तेव्हा मला कितीतरी वेळ शब्द मोजता येईनात, एक, दोन, आणि पुन्हा एक.

गोष्ट अशी होती, आणि ती इथं पूर्ण देण्यात माझं फारसं काही जाणार नाही: रोज दुपारी ती सायकलच्या तारांच्या दुमजली पिंजऱ्याला पाणी घालते. आत पक्षी नाही, पुदिना आहे. दार मात्र ती आठवणीनं लावून घेते. झाली. वीस शब्द. शहराचं नाव नाही, रस्त्याचं नाही, बाईचं नाही. एतेल्विनाबाईंनी शिकवलेलं सगळं तिच्यात होतं. बाई अध्यापक विद्यालयात शिकवायच्या; गेल्या वर्षी मार्चात लष्करानं देश ताब्यात घेतला आणि एप्रिलमध्ये बाईंचं नाव घरी बसवायच्या यादीत आलं. मग दर गुरुवारी दुपारी पाच वाजता, चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या जेवणघरात बाई धरून आम्ही पाचजण जमायला लागलो. ग्रंथालयाच्या सूचीची जुनी कार्डं बाईंकडे गठ्ठ्यांनी होती. नियम एकच, की गोष्ट कार्डाच्या एका बाजूवर मावली पाहिजे, आणि अक्षर बारीक काढून फसवायचं नाही. चार माणसं दर आठवड्याला एका घरात जातात हे त्या दिवसांत बरं दिसत नसे, म्हणून आम्ही आळीपाळीनं बेकरीतला केक न्यायचो, दोरीनं बांधलेल्या खोक्यात, सगळ्यांना दिसेल असा. खालचा दरवान सिक्स्तो दार उघडताना म्हणायचा, "बाईंचा यंदाचा एकोणचाळिसावा वाढदिवस वाटतं! या हिशेबानं दोन वर्षांत त्या शंभरीच्या पुढं जातील." त्याला एक तुकडा आणून द्यावा लागे, आणि तो तोंड भरलं असताना कधीही काही विचारत नसे. पहिल्याच गुरुवारी मी ऐटीत सांगितलं की शब्द मोजणं हा माझा धंदाच आहे. बाई म्हणाल्या, "तेच विसरायला आलायत तुम्ही, तोनेली. तार करणारा माणूस दुसऱ्याला ठाऊक नसलेलं सांगतो. तुम्ही वाचकाला ठाऊक असलेलं गाळायचं आहे." आणि मग बोट वर करून, "एक वस्तू घ्या. एकच. पण अशी, की जगात तशी दुसरी नसावी. ती सापडली की बाकीचं सगळं पुसून टाका. वाचक बरोबर घरापर्यंत पोचतो." वाचक घरापर्यंत पोचतो. सोमवारी साडेअकरा वाजता, टपालाच्या पोत्यांच्या वासात, हे वाक्य मला आठवलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

कारण पिंजरा होता. साल्ता रस्त्यावरच्या एका पहिल्या मजल्याच्या गॅलरीत होता, आणि ती गॅलरी ग्रिसेल्दाची होती. आमच्यात जोड्या लावलेल्या होत्या. बाई त्याला कात्री म्हणायच्या. प्रत्येकाची एक कात्री. आठवडाभरात लिहिलेलं कार्ड कात्रीच्या दाराखालून आत सरकवायचं, कात्रीनं पेन्सिलीनं काट मारून ते परत आपल्या दाराखालून आणून टाकायचं. सोबत चिठ्ठी नको, निरोप नको. कापायचं फक्त, जोडायचं काही नाही. जोडीला जोडीचं दार तेवढं माहीत, इतरांचं नाही. हे साहित्यासाठी की इतर कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. माझी कात्री ग्रिसेल्दा. बत्तीस-तेहतीस वर्षांची, शर्टांना काजं करून देणारी, त्यामुळे तिची पेन्सिलीची रेघही सुईनं मारल्यासारखी सरळ. ती मला तारमास्तर म्हणायची. "तारमास्तर, तुझी गोष्ट संपते आणि मग तू एक वाक्य अजून लिहितोस. दार लावून झाल्यावर कडी हलवून बघणारा माणूस असतो ना, तसा आहेस." मी हिशेब ठेवला आहे: वर्षभरात माझी एकेचाळीस कार्डं तिच्याकडे गेली आणि त्यातल्या तेहतीस कार्डांवरचं शेवटचं वाक्य काट खाऊन परत आलं. तेहतीसच्या तेहतीस वेळा तिचंच बरोबर होतं. बाईसुद्धा म्हणायच्या, शेवटचं वाक्य लेखकाच्या भीतीचं असतं.

नोव्हेंबरात एकदा मी दाराशी वाकून कार्ड सरकवत होतो आणि दारच उघडलं. "वाकलाच आहेस तर वर ये," ती म्हणाली, "पाणी उकळतंय." तिनं माते भरला, आमच्याकडचा तो पानांचा काढा, कडू, माझी आई करायची तसा जीभ जाळून टाकणारा. गॅलरीत तो टांगलेला होता. मी आयुष्यात तसली वस्तू पाहिली नव्हती: सायकलच्या चाकांच्या तारा वाकवून केलेला, खाली मोठी खोली, वर छोटी, मधे चिमुकला जिनासुद्धा, आणि आतून पुदिना असा फुटलेला की हिरवी दाढी गजांमधून बाहेर आलेली. "भावानं केला. सायकलच्या दुकानात होता तो. घर सोडलं तेव्हा एवढंच उचललं मी. ते लोक घर तपासायला आले होते ना, तेव्हा त्यांच्यातल्या एकाला फार आवडला होता हा. हातात घेऊन उलटासुलटा करून बघत बसला." मी विचारलं, "आणि भाऊ?" ती उठली, पिंजऱ्याचं दार तिनं बोटानं लावलं, आणि म्हणाली, "त्याला दार उघडं चालायचं नाही." मग माझ्याकडे न बघता, "मास्तर, हे तुझ्या कार्डावर येता कामा नये." मी म्हणालो, "छे गं." दोन शब्द. पाच महिने मी ते दोन शब्द पाळले. मला त्याचं श्रेय मिळायला हवं असं मला मार्चपर्यंत वाटत होतं. पण ती वस्तू डोक्यात टांगलेली राहिली. खिडकीत फॉर्म घेताना, केकचं खोकं धरून उभा असताना, पिंजरा मागं कुठं तरी हलायचा, आणि मी मनात त्याच्याभोवतीचे शब्द एकेक करून काढत जायचो. तिचा भाऊ काढला. तपासणी काढली. शिवणयंत्र काढलं. उरलं ते इतकं सुंदर होतं की ते माझं आहे असंच मला वाटायला लागलं. पुरवणीची स्पर्धा होती, पंचवीस शब्दांच्या आत. ते कार्ड मी कात्रीकडे पाठवलं नाही. सरळ पाठवून दिलं, माझ्या पूर्ण नावानिशी, आणि खाली नोकरीचं ठिकाण.

सोमवारी एक वाजता खिडकी बंद केली आणि मी लिहायला बसलो. पहिला मसुदा एका शब्दाचा होता: पळ. माझ्या इतक्या चांगल्या मसुद्याला त्यापूर्वी कधी नख लावावं लागलं नव्हतं. पण ते कार्ड तिच्या घरात दुसऱ्याच कुणाला सापडलं तर? अक्षर माझं. कुणी विचारलं, हे काय, तर मी काय सांगणार? तेव्हा गोष्टीसारखं दिसेल असं लिहावं, नेहमीच्या कार्डावर, नेहमीच्या निळ्या शाईत. कुणी वाचलंच तर तारमास्तरचा छंद. मी भित्रा आहे हे मला कबूल आहे, पण त्या दुपारी माझ्या भित्रेपणाला कारागिरी सापडली आणि मग त्याला थांबवणं कठीण गेलं. चार मसुदे केले. पाचवा असा: राखाडी कोटातला माणूस दारोदार पुदिन्याची चौकशी करत फिरतो. त्याच्या बायकोला पुदिना फार आवडतो. त्याला बायको नाही. आजच्या आज घर सोड. मोजले तर वीस भरले. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मग निघालो. सरळ गेलो नाही. दोन ट्रॉलीबस बदलल्या, एका चर्चमध्ये पुढच्या दारानं शिरून बाजूच्या दारानं बाहेर पडलो. दोन वाजले होते, शहर वामकुक्षीला पडलेलं, पट्ट्यापट्ट्यांची शटरं जमिनीपर्यंत ओढलेली. एप्रिलचं ऊन फुटपाथवर कोमट सांडलं होतं आणि माझ्या बुटांचा आवाज माझ्या मागून येत होता. साल्ता रस्त्यावर एक कुत्रं सोडलं तर कुणी नव्हतं, आणि नेमकं तेच मला सहन होईना. दार ठोठावून जिन्यात उभ्याउभ्या सांगायला किती वेळ लागला असता? ग्रिसेल्दा, मी तुझा पिंजरा छापला. मी हात वर केला होता. पण मनात आलं, कुणी बघत असेल तर ठोठावणं म्हणजे दार दाखवणंच झालं. म्हणून वाकलो, कार्ड सरकवलं, आणि कोपऱ्यापर्यंत चालत, पुढं जवळजवळ धावत गेलो. नदीपर्यंत आल्यावर, पाराना मातकट आणि जड वाहत असताना, मला दुसरी गोष्ट सुचली आणि मी कठडा धरून उभा राहिलो. त्या माणसाला पत्ता माहीत असता तर तो माझ्या खिडकीशी कशाला आला असता? आणि माहीत नव्हता, तर मला घाबरवून सोडून द्यायचं, आणि मागोमाग निवांत चालायचं, याहून स्वस्त चौकशी कुठली? दोन ट्रॉलीबस, एक चर्च. मी पुन्हा पुन्हा मोजत राहिलो. चर्चमध्ये मागच्या बाकावर कुणीतरी होतं. बाई की पुरुष ते आठवेना. मी माणसांकडे बघत नाही.

मंगळवारी खिडकीत नेहमीच्या बाया आल्या. या वर्षभरात त्या वाढल्या आहेत. काळे कोट, हातात घट्ट धरलेली पर्स, आणि मजकूर सगळ्यांचा सारखाच, राजधानीतल्या मंत्रालयाच्या नावे: मुलाचा ठावठिकाणा कळवावा. कधी मुलीचा. मी तो इतक्या वेळा टिपला आहे की पेन्सिल न टेकवता तीन म्हणतो. मागच्या हिवाळ्यात एकीनं त्यापुढं कृपया लिहिलं होतं, आणि मी, बाईंचा नवा नवा शिष्य, खिडकीतून वाकून म्हणालो होतो, "सिन्योरा, कृपया कापलंत तरी अर्थ तोच राहतो." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे." मंगळवारी दिवसभर मी ग्रिसेल्दाचा विचार असा करत होतो: आता ती बसमध्ये असेल. आता सांता फे ओलांडलं असेल. आता कुणा मावशीच्या अंगणात पिंजरा टांगायला खिळा शोधत असेल. मी तिच्यासाठी इतकी गावं शोधून काढली की संध्याकाळपर्यंत मला तिचा थोडा रागच यायला लागला, एकदाही कळवलं नाही म्हणून.

बुधवारी दुपारी जेवायला खोलीवर गेलो आणि दार उघडताना पायाखाली ते कार्ड आलं. मी दिवा न लावता, टोपी न काढता वाचलं. राखाडी कोटातला माणूस दारोदार पुदिन्याची चौकशी करत फिरतो. त्याच्या बायकोला पुदिना फार आवडतो. त्याला बायको नाही. आणि त्यापुढं, आजच्या आज घर सोड, या चार शब्दांवरून सुईनं मारल्यासारखी एक सरळ रेघ. चौतिसावी. खाली, वर्षभरात पहिल्यांदा नियम मोडून, तिनं दोन ओळी लिहिल्या होत्या: पुदिना आणलासच शेवटी, लबाडा! पिंजरा नाही आणलास म्हणून माफ. हे तुझं सगळ्यात चांगलं कार्ड. गुरुवारी हेच वाच. मी खुर्चीवर बसलो. जगात एकच बाई होती जी माझं शेवटचं वाक्य हमखास कापणार, आणि तिला वाचवायचे चार शब्द मी शेवटी ठेवले होते. सगळ्यात वाईट म्हणजे गोष्ट आता खरंच चांगली झाली होती. त्याला बायको नाही, इथं ती अशी थांबत होती की अंगावर काटा यावा.

या वेळी सरळ गेलो, पायी, रस्त्याच्या मधून. पिंजरा गॅलरीत होता. पुदिना हिरवागार. पिंजऱ्याचं दार उघडं होतं आणि वाऱ्यानं किंचित हलत होतं. खाली शेजारची म्हातारी फुटपाथवर पाणी मारून झाडत होती. भर वामकुक्षीत कोण झाडतं? मी थांबलो तशी ती खराट्याकडे बघतच म्हणाली, "शिवणवाल्या बाई गावाला गेल्या."

"केव्हा?"

"आज सकाळी. चारजण आले होते न्यायला. नातेवाईक असतील." खराटा दोनदा फिरला. "सामान काही घेतलं नाही. एक चप्पल तेवढी राहिली होती जिन्यात, ती मी आत टाकली. तुम्ही कोण?"

"कुणी नाही."

"मग चालते व्हा, बाळा," ती हळूच म्हणाली, आणि माझ्या बुटांवर पाणी ओतलं.

गुरुवारी केक आणायची पाळी माझी होती. मी आणला. दरवान सिक्स्तोनं चाळिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. वर बाईंच्या टेबलाशी चार खुर्च्या भरल्या आणि पाचवी राहिली. न आलेल्याबद्दल विचारायचं नाही, हा न लिहिलेला नियम. सगळ्यांनी तो पाळला, फक्त बाईंनी तिचा कप मांडला आणि थोड्या वेळानं उपडा घातला. दात काढण्यातून निवृत्त झालेले डॉक्टर सुबेल्दिया, ज्यांच्या प्रत्येक गोष्टीत कुणाचा तरी दात पडतो, ते हात चोळत म्हणाले, "चला, तारमास्तर, स्पर्धावीर! काय आणलंय?" पुरवणी बाईंच्या कपाटावर होती, माझ्या नावाशी घडी घातलेली. मी कार्ड काढलं. पहिली तीन वाक्यं वाचली आणि थांबलो. "वा!" डॉक्टर म्हणाले. "त्याला बायको नाही! शेवट उघडा सोडलात, फार छान. ग्रिसेल्दाची कात्री दिसतेय." बाई माझ्या हातातल्या कार्डाकडे बघत होत्या. "अजून आहे," मी म्हणालो, आणि काट मारलेलं वाक्य वाचलं. आजच्या आज घर सोड.

डॉक्टरांनी सवयीनं पेन्सिल उचलली आणि बाईंनी तिच्यावर हात ठेवला. "हे राहू दे," त्या म्हणाल्या. नंतर शाळेतल्या आवाजात, "एकेक करून. पाच पाच मिनिटांनी. जिन्यानं, लिफ्टनं नाही." डॉक्टर आधी गेले, हॅट विसरून. आमच्यातले ऑर्गन वाजवणारे, शेवाळी डोळ्यांचे म्हातारे दुसरे. केकचं खोकं टेबलावर तसंच, दोरीसकट. दोघंच उरलो तेव्हा मी म्हणालो, "आणि तुम्ही, बाई?" त्या कप गोळा करत होत्या. "मला एवढे विसळू देत. तोनेली, तिला ठाऊक होतं का, पुरवणीतलं?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुरवणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जे म्हणायचं ते गाळलं. मी बोलायला हवं होतं: त्या माणसाकडे माझं नाव आहे, ती आता त्यांच्या ताब्यात आहे, या घराचा पत्ता दोघांकडूनही निघू शकतो, कप राहू द्या. त्याऐवजी म्हणालो, "येतो." एक शब्द.

खाली सिक्स्तो खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. "लवकर आटोपला आज वाढदिवस! आणि माझा तुकडा?"

"कापला नाही अजून."

"मग बरंय. तुमच्या त्या मित्रालाही मिळेल."

"कुठल्या?"

"ते हो, राखाडी कोटातले. फार सभ्य माणूस. मघाशी मजला विचारून गेले. म्हणाले, रिकाम्या हातानं कसं जायचं, केक घेऊन येतो."

दार माझ्या हातात होतं. बाहेर ऊन उतरलं होतं आणि फुटपाथ मोकळा होता, माझ्या खोलीपर्यंत अकरा चौक. मी दार सोडलं आणि जिन्याकडे वळलो. पहिल्या मजल्यावरच धाप लागली, दुसऱ्यावर मी बोलायला लागलो होतो, अजून समोर कुणी नसताना, मोठ्यानं: बाई, पिंजरा खरा आहे, तो तिचा आहे, मी तिला शब्द दिला होता आणि तरी छापला, सोमवारी एक माणूस खिडकीत आला होता, त्याच्या हातात अंगठी नव्हती, मी घाबरलो, मी दार ठोठावलं नाही, मी गोष्ट लिहिली, तो आता इथं येतोय, मागच्या जिन्यानं चला, कोट असू द्या, मी आहे बरोबर. तिसऱ्या मजल्यावर वरून कप विसळल्याचा आवाज आला. खाली दरवाजाची घंटा वाजली. मी बोलत राहिलो, चढत राहिलो, आणि शब्द मोजायचे राहून गेले.